समितीची चर्चा कुठल्या बटणावर दिसते ओ?

आबांना मधुमेहाच्या औषधाच्या चाचणीत घेतलं. संमतीपत्र चौदा पानी आणि शेवटच्या पानावर नीतिमत्ता समितीचा, म्हणजे चाचणीत माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघून मंजुरी देणाऱ्यांचा नंबर. तोही नेमका स्टेपलरच्या पिनेखाली! पीन उचकटून फोन लावला तर, "मॅडम मीटिंगला गेल्यात." पंचगंगेचं पाणी चढलं, उतरलं, मॅडमची मीटिंग काही संपेना.

म्हटलं, सगळं डिजिटल आहे ना आता? चाचण्यांची नोंदवही, ती सीटीआरआय, 2007 पासून ऑनलाइन. 2009 पासून औषधचाचण्यांची नोंद सक्तीची. इतर आरोग्य संशोधनाच्या समित्यांना नोंदणीसाठी वेगळं पोर्टल, नाव 'नैतिक'. (नाव तरी काय शोधलंय!) औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांत समितीवर किमान सात जण, त्यात एक तरी सामान्य माणूस. लई भारी! पण त्या सामान्य माणसानं आबांच्या चाचणीबद्दल एक तरी प्रश्न विचारला का? की चहा-बिस्किट खाऊन सही ठोकली? नोंदवहीत समितीच्या नावापुढं एकच शब्द, 'अप्रूव्हड'. झालं! हरकती, शंका, चर्चा सगळं कपाटात, आणि किल्ली मीटिंगला गेलेल्या मॅडमकडं.

अहो, आमच्या मार्केट यार्डात गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा सौदासुद्धा चारचौघांत बोली लावून होतो. आबा काय गुळापेक्षा स्वस्त आहेत?

काल परत फोन केला. "मेल करा." केला. दोन मिनिटांत परत आला. इनबॉक्स फुल्ल.