‘गॅसवर वीस मिनिटांत’ : भरिताच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

शेतातलं भरीत आणि खान्देशी माणसाची सबुरी यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे देतो: ‘संथ जगण्याचे गोडवे गाणं म्हणजे वेळकाढूपणाला दिलेलं गोंडस नाव. तेच भरीत गॅसवर वीस मिनिटांत होतं. धुरात बसणाऱ्या बाईला विचारा. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याला समाधान शिकवू नका. आणि बडगी म्हणे! आमच्याकडे बडजी म्हणतात. पुढच्या वेळी काही उपयोगाचं लिहा.’

आधी बडगीचं, म्हणजे भरीत कुटायच्या लाकडी भांड्याचं. दोन्ही रूपं चालतात आणि मी एकच दिलं होतं. चूक मान्य, लेखात दुरुस्ती केली आहे. पण त्यापुढचं ते ‘म्हणे’ कशासाठी होतं? दुरुस्ती सुचवायला एवढं हिणवावं लागत नाही. ‘गोंडस’, ‘गोडवे’, ‘म्हणे’ हे तीन शब्द काढले असते तर तुमचा मुद्दा काही हलका झाला नसता. ज्या मातीत पाहुण्याला आधी पाणी विचारतात आणि मग गाव विचारतात, त्याच मातीतले तुम्हीही असाल, म्हणून हे जास्त लागलं.

आता ‘तेच भरीत गॅसवर वीस मिनिटांत’. या वाक्यात ‘तेच’ हा शब्द चुकीचा आहे आणि ‘वीस मिनिटं’ हा हिशेबही.

भरिताचं वांगं म्हणजे फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, पातळ सालीचं, मोठं आणि कमी बियांचं. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही याच गुणांमुळे. असं वांगं बर्नरवर ठेवलं की आच एका जागी लागते. खालची साल जळून फुटते, रस गळून बर्नरवर पडतो आणि देठाजवळचा भाग कच्चाच राहतो. तो कच्चा भाग कितीही कुटा, दाताखाली करकरतो. आच कमी ठेवून, दर दोन मिनिटांनी फिरवत भाजलं तर गॅसवरही वांगं नीट होतं, पण एका मोठ्या वांग्याला पंधरा मिनिटं सहज लागतात. मग दहा मिनिटं झाकून ठेवणं, सोलणं, निथळणं आणि त्यानंतर कुटणं. तुमची वीस मिनिटं सोलण्याआधीच संपली.

शेतात वांगी तुरकाठ्यांवर किंवा कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात. काड्या कडक वाळलेल्या हव्यात. ओलसर असल्या की नुसता धूर होतो आणि वांग्याला कडवट, डोळ्यांत जाणारा वास लागतो. वांग्याला सुरीने तीन-चार टोचे मारायचे, नाहीतर आत वाफ कोंडून ते फुटतं. देठ काढायचा नाही, सोलताना तीच मूठ असते. काड्यांचा थर, त्यावर वांगी, वर पुन्हा थोड्या काड्या. या काड्या भडकन पेटतात आणि लवकर बसतात, म्हणून वांग्याला चहूबाजूंनी आधी जाळ आणि मग निखारा मिळतो. साल काळी होते, गर मऊ होतो आणि धुराचा वास आत उतरतो. गॅसला हा धूर नाही, म्हणून ते ‘तेच’ भरीत नाही.

भाजलेली वांगी ढिगाने रचून पंधरा मिनिटं झाकून ठेवायची. घाई करणारा इथेच चुकतो: गरम वांगं लगेच सोलायला घेतलं की सालीबरोबर गर निघून येतो. आणि साल सुटावी म्हणून वांगं पाण्याखाली धरणं तर सगळ्यात वाईट, धूर धुऊन जातो. बोटं पाण्यात बुडवावीत, वांगं नाही. सोललेला गर परातीत ठेवून परात कलती करावी, काळपट पाणी निथळून जातं. ते राहिलं तर भरीत पचपचीत होतं आणि तेल वर तरंगतं.

प्रमाणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी उपयोगाचं हवं होतं म्हणून सांगतो. दहा किलो वांगी, साधारण तीस-पस्तीस माणसं. हिरवी मिरची अर्धा किलो, तिखट असेल तर कमी. लसूण पाव किलो, शेंगदाणे अर्धा किलो, सुक्या खोबऱ्याचे काप पाव किलो, कांद्याची पात किलोभर, कोथिंबीर, तेल अर्धा लिटर. भाजलेली मिरची, अर्धा लसूण आणि मीठ बडगीत आधी कुटायचं, मग त्यात गर घालून लाकडी मुसळीने ठेचायचं. मिक्सरमध्ये गर आणि बिया चिरल्या जातात, हवा भरते आणि भरिताची खळ होते. ठेचलेल्या भरितात गराचे धागे दिसले पाहिजेत. तेलात शेंगदाणे, खोबरं, उरलेला लसूण आणि शेवटी पात परतून ते भरितावर ओतायचं. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर नाहीच.

आता यात मोजा: काड्या रचून पेटवणं, भाजणं, झाकणं, चार जणांनी दहा किलो वांगी सोलणं, निथळणं, कुटणं. तीन तास. यातला कोणता अर्धा तास वेळकाढूपणाचा आहे ते तुम्ही दाखवा. कपाशी वेचायला आणि केळीचा घड कापायला हाच माणूस उजाडायच्या आत शेतात असतो. जिथे घाईने काम होतं तिथे तो घाई करतो. वांगं निवायला जेवढा वेळ लागतो तेवढा तो बसतो आणि त्या बसण्याची त्याला लाज वाटत नाही. लेखात ‘समाधान’ म्हटलं होतं ते एवढ्यालाच. पंचवीस हिवाळे मी या आगटीजवळ बसलो आहे, हे ऐकीव लिहिलेलं नाही.

धुरातल्या बाईबद्दल: शेतातल्या भरीत पार्टीत भाजणं आणि कुटणं बहुतेक वेळा पुरुषच करतात. हे तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही अशा पार्टीला गेलेले नाही, आणि माहीत असूनही लिहिलं असेल तर ते बरोबर नाही. कर्जाचा विषय मोठा आहे, तो त्या लेखाचा नव्हता. भरिताबद्दल लिहिणाऱ्याने दरवेळी कापसाच्या भावाचा खुलासा द्यावा, ही अपेक्षा मला मान्य नाही.

चातुर्मासात अनेक घरांत वांगं वर्ज्य असतं. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य दाखवल्यावरच ते ताटात येतं. चार महिने थांबणारी ही माणसं, त्यांना तीन तासांचं काय!

पुढचा लेख कळण्याच्या भाकरीवर आहे. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद आणि दळतानाच घातलेलं मीठ. उडीद वाढला की भाकरी चिवट होते, कमी पडला की थापताना कडा फाटतात. तो लेखही लांबच असेल. वाचायचा असेल तर शेवटपर्यंत वाचा आणि मगच लिहा.