पगचे चपटे नाक मुंबईच्या उकाड्यासाठी घडलेले नाही

‘पग : मुंबईच्या फ्लॅटसाठी निसर्गानेच घडवलेला कुत्रा’ अशा मथळ्याचा एक संदेश सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत फिरतो आहे. मुलुंडला एकटी राहणारी माझी मावशी त्या संदेशाच्या भरवशावर पिल्लाचे पैसे भरायला निघाली होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: पग मूळचा हॉलंडचा असून मॅस्टिफ या थोराड कुत्र्याची ती खुजी जात आहे, चिनी सम्राटांच्या काळापासून अडीच हजार वर्षे त्याचा चेहरा जसाच्या तसा राहिला आहे, चपट्या नाकातून गरम हवा कमी जाते, म्हणून त्याला उकाडा बाधत नाही, तो घोरतो ते गाढ झोपेमुळे, आणि तो कोणालाही चावत नाही.

जो कुत्रा मूळचा हॉलंडचा, तोच चिनी सम्राटांच्या मांडीवर कसा वाढला, हा प्रश्न हा संदेश पुढे पाठवणाऱ्या एकालाही पडू नये, याचे आश्चर्य वाटते. पग चीनमधलाच आहे. आंतरराष्ट्रीय श्वानसंघटना एफसीआय हीदेखील त्याचे मूळ चीन असल्याचेच नोंदवते. हॉलंडच्या गोष्टीत अर्धे तथ्य आहे, ते मान्य करतो: सोळाव्या-सतराव्या शतकांत व्यापारी जहाजांतून हा कुत्रा युरोपात पोहोचला, हॉलंडच्या ऑरेंज राजघराण्याचा लाडका झाला, आणि १६८९ मध्ये त्या घराण्यातला विल्यम व त्याची पत्नी मेरी इंग्लंडच्या गादीवर बसले तेव्हा तिथेही त्याचे प्रस्थ वाढले. इंग्लंडात त्याला एकेकाळी ‘डच मॅस्टिफ’ म्हणत, त्यावरून मॅस्टिफचा गैरसमज पसरला असावा.

‘चेहरा बदलला नाही’ हे विधान मात्र सपशेल खोटे आहे, आणि ते खोटे ठरवायला एक चित्र पुरेसे आहे. इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थ याने १७४५ मध्ये पूर्ण केलेल्या स्वतःच्या व्यक्तिचित्रात आपला ट्रम्प नावाचा पगही रंगवला. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्या कुत्र्याचे तोंड स्पष्टपणे पुढे आलेले आहे आणि नाकाला दिसण्याजोगी लांबी आहे. आज आपल्याला ओळखीचा असलेला, कपाळाला टेकल्यासारखा सपाट चेहरा त्यानंतर माणसाने निवड करकरून आणला; एकोणिसाव्या शतकात श्वानप्रदर्शने सुरू झाली आणि त्या निवडीला वेग आला. २००३ मधल्या ‘हच’ या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागून चालणारा जो पग मराठी घराघरांत पोहोचला, तो या निवडीनंतरचा पग होता. त्यामुळे ‘निसर्गाने घडवले’ हा मथळाच मुळात चुकीचा आहे.

आता सर्वांत घातक मुद्दा, उकाड्याचा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घाम आणणाऱ्या ग्रंथी जवळजवळ फक्त पंजांच्या तळव्यांत असतात. त्याचे शरीर थंड होते ते धापा टाकून: जीभ, तोंड आणि नाकाच्या आतल्या ओलसर पृष्ठभागावरून हवा वेगाने जाते, ओलाव्याची वाफ होते आणि तिच्याबरोबर उष्णता बाहेर पडते. लांब नाकाच्या कुत्र्यात या कामासाठी पातळ, वळणदार हाडांचा ऐसपैस पसारा असतो. पगमध्ये कवटी आखूड झाली, पण आतले मऊ भाग त्या प्रमाणात कमी झाले नाहीत. टाळूचा मागचा मऊ भाग श्वासाच्या वाटेत लोंबतो आणि नाकाच्या आत दाटी होते. म्हणजे त्याच्या नाकातून गरम हवा कमी जाते असे नव्हे, तर श्वासच कमी जातो. शिवाय अडथळ्यातून श्वास ओढताना स्नायूंना जे श्रम पडतात, त्यांनी अंग आणखी तापते. त्यात मुंबईची हवा दमट. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात आपला घाम जसा वाळत नाही, तसाच त्याच्या जिभेवरचा ओलावाही लवकर उडत नाही. लिफ्टसमोरच्या गार लादीवर पोट टेकवून, मागचे पाय पसरून, घशातून खरखर आवाज करत पडलेला पग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. तो आळशी नसतो, त्याला श्वास पुरत नसतो.

घोरण्याचेही तेच. काही पग हनुवटी उंचावर टेकवून किंवा तोंडात खेळणे धरून झोपतात, कारण तोंड मिटले की श्वास अडतो. अशा झोपेला गाढ म्हणणे मला क्रूर वाटते. निरोगी कुत्र्याची नाकपुडी उघडी आणि गोलसर असते. अनेक पगमध्ये तिथे नुसती उभी चीर दिसते.

हे माझे मत म्हणून सोडून देऊ नये. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये ब्रिटनमधील ४,३०८ पगच्या वैद्यकीय नोंदींची इतर कुत्र्यांच्या नोंदींशी तुलना प्रसिद्ध केली. आखूड चेहऱ्यामुळे होणाऱ्या श्वसनविकाराची शक्यता पगमध्ये सुमारे ५४ पट, अरुंद नाकपुड्यांची सुमारे ५१ पट आणि बुबुळावरील व्रणाची सुमारे १३ पट अधिक आढळली. आरोग्याच्या दृष्टीने पगला आता सर्वसाधारण कुत्रा मानता येणार नाही, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे.

त्याच अभ्यासात पगच्या आक्रमकतेच्या नोंदी तुलनेने कमी होत्या, त्यामुळे ‘चावत नाही’ या मुद्द्यातले तेवढे तथ्य नाइलाजाने मान्य करावे लागते. ‘कधीच नाही’ असे मात्र कोणत्याही कुत्र्याबद्दल म्हणता येत नाही.

मावशीला मी लांब नाकाचे, वयाने मोठे झालेले देशी कुत्रे दत्तक घेण्याविषयी सुचवले आहे आणि ती विचार करते आहे. ज्यांच्या घरी पग आहे त्यांनी त्याचे वजन वाढू देऊ नये, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा वापरावा, उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा रात्रीच फिरवावे आणि नाकावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या ठेवाव्यात. धाप थांबत नसेल किंवा जीभ निळसर, जांभळी दिसू लागली, तर लगेच अंगावर पाणी ओतून पंख्याखाली न्यावे आणि सोसायटीच्या गटावर सल्ला विचारत न बसता पशुवैद्याकडे धाव घ्यावी.