बोट लांब ठेवा
डॉल्फिन सफारीच्या, म्हणजे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटींना डॉल्फिनपासून ठरावीक अंतर ठेवायचा नियम हवा, असं एका लेखात वाचलं, एकदम पटलं. सुट्टी लागली की आपलं अर्धं कोल्हापूर घाट उतरून मालवण-तारकर्लीला, आणि बोटवाल्याला 'अजून जवळ घ्या की ओ' म्हणून मागं लागणारे पण आपलेच लोक, मग चार चार बोटी एकाच कळपामागं. किनाऱ्यालगतचे हे हंपबॅक (पाठीवर उंचवटा असलेले) डॉल्फिन आवाजावरच मासे शोधतात, एकमेकांना हाका घालतात, इंजिनच्या घरघरीत ते नीट ऐकूच येत नाही, सोबत पिल्लू असलं तर अजून हाल. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्यांना वाघासारखं शेड्यूल १ चं, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण आहे ओ! आणि हौसेनं गळ टाकणाऱ्यांनी तुटलेली तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) समुद्रात सोडू नका प्लीज, त्यात अडकतात बिचारे.