‘काका, छंद म्हणून ठीक आहे’: एका प्रतिक्रियेला उत्तर

फाटकावर कुणी आलं की रेकॉर्ड केलेला संदेश ऐकवणारा एक बोलका सेन्सर मी घरी बनवून बसवलाय, स्वागतालाही आणि राखणीलाही. त्याबद्दल मागे लिहिलं होतं. त्यावर ‘कोल्हापूरकर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती इथे देतो: “काका, छंद म्हणून ठीक आहे, पण याला सुरक्षा म्हणू नका. मांजर गेलं तरी हा बोलणार, चोराला दोन दिवसांत कळणार की टेप वाजतेय, आणि रात्री शेजाऱ्यांची झोप जाणार. स्वागताचं म्हणाल तर ज्या घरात ‘या’ म्हणायला माणूस उरलेला नाही, तिथेच मशीन लावायची वेळ येते.”

काका म्हणायला माझी हरकत नाही, वय झालंच आहे. पण काका म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात कान धरायचा, ही कुठली रीत? स्वतःचं नाव लिहायचं नाही आणि सहीला अख्खं शहर वापरायचं! कोल्हापूरकर आम्हीही आहोत की.

आता ते शेवटचं वाक्य. माझ्या घरात माणूस उरलेला नाही, ही खबर आपल्याला कुणी दिली? घरात मी आहे, सौ. आहे, वरच्या मजल्यावर भाडेकरूंची दोन पोरं दिवसभर जिना हलवत असतात. मुलगा पुण्याला असतो असं मी लेखात ओघात लिहिलं होतं, त्यावरून आपण हे ताडलं असेल तर धन्य आहे. नोकरीसाठी पुण्याला गेलेला मुलगा म्हणजे घर ओस पडलं असं होत नाही. ताराबाई पार्क घ्या, राजारामपुरी घ्या, कुठल्याही गल्लीत विचारून बघा किती जणांची पोरं पुण्या-मुंबईला आहेत ते. त्या सगळ्यांच्या आईबापांना तुम्ही हेच ऐकवणार का?

आमच्या दारातून चहा न घेता कुणी परत गेलेला दाखवा, आणि मग आदरातिथ्यावर बोला. फाटकापासून दार लांब आहे, मधे पेरूचं झाड आहे, सौ.चे गुडघे दुखतात. कुरिअरवाला बाहेर उभा राहून हाका मारायचा आणि कंटाळून निघून जायचा. सेन्सर त्याला एवढंच सांगतो, “नमस्कार, या. बेल उजव्या हाताला आहे.” माणूस दारापर्यंत पोचेपर्यंतची ती सोय आहे. आणि आवाज कुणाचा आहे? बाजारातून आणलेला नाही, सौ.चाच आहे. रेकॉर्डिंग कितीदा तरी करावं लागलं, कारण दर वेळी मागे कुकरची शिट्टी नाहीतर भाजीवाल्याची आरोळी. हे सगळं लेखात होतं. पण लेख शेवटपर्यंत वाचायचा आणि मग लिहायचं, एवढी सवड आपल्याला कुठली!

आणि यंत्र बोललं म्हणजे माणुसकी आटली, हे कोल्हापुरात बसून म्हणता? गणपतीत राजारामपुरीतले तांत्रिक देखावे बघायला खेड्यापाड्यांतून गर्दी लोटते. तिथे काय असतं? वायपरच्या मोटरीवर मान आणि हात हलवणारे पुतळे, आणि मागून रेकॉर्ड केलेले संवाद. माझी उमेदीची वर्षं त्यात गेली. दिवसा उद्यमनगरात मोटर रिवाइंडिंग, रात्री मांडवात. संवाद आणि हालचाल जुळवणं म्हणजे जिवाला घोर. कॅसेटचा बेल्ट सैल पडला की राक्षस आधी मरायचा आणि नंतर किंचाळायचा. पब्लिक खो खो हसायचं, पण आरतीला त्याच मांडवात हात जोडून उभं असायचं. त्या वेळी असले सेन्सर आमच्या आवाक्यात नव्हते, लिमिट स्विच (हलता भाग टेकला की चालू-बंद होणारं बटण) आणि एलडीआर (उजेड-अंधार ओळखणारा छोटा भाग) यांवर भागवायचो. तेव्हा ‘छंद’ वगैरे मला सांगू नका. या हातांनी त्यावर संसार केलाय.

मांजराचं उत्तर लेखात दिलेलंच आहे, तरी पुन्हा सांगतो. माझा सेन्सर पीआयआर जातीचा, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा. त्याच्या आत उष्णतेचे अवरक्त किरण टिपणारे दोन भाग असतात. उबदार अंग समोरून सरकलं की किरण आधी एकावर पडतात, मग दुसऱ्यावर, आणि त्या फरकावर तो चालू होतो. म्हणून आडवा जाणारा चटकन सापडतो, नाकासमोर सरळ चालत येणारा जरा उशिरा. मी वापरलेल्या एचसी-एसआर५०१ या मॉडेलची पोहोच साधारण ७ मीटर. तो छातीच्या उंचीला बसवा, पांढऱ्या लेन्सच्या खालच्या भागावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, जमिनीलगतचं मांजर त्याच्या हिशेबातून जातं. खरी अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मेच्या दुपारी फरशी आणि भिंती अंगाइतक्या तापतात, तेव्हा माणूस आणि मागची भिंत यांत फरकच कमी उरतो आणि सेन्सर मंदावतो. हा मुद्दा काढला असतात तर तुम्हाला मानलं असतं.

शेजाऱ्यांच्या झोपेचं म्हणणं मात्र रास्त आहे, तेवढं मान्य. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. माझा स्पीकर ३ वॅटचा, अंधार पडला की एलडीआर संदेश बदलतो आणि आवाज निम्म्यावर येतो. डॉल्बीच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या गावाला ३ वॅटची एवढी काळजी वाटावी, याचं कौतुकच आहे.

चोराला दोन दिवसांत कळेल म्हणे. दोन दिवस जो माझ्या फाटकापुढे ऐकत उभा राहील, त्याला गल्लीतली म्हातारी माणसंच नाव-गाव विचारतील. यावर जास्त लिहावं असं वाटत नाही.

बाकी वाचकांपैकी एका ताईंनी वायरिंगचं विचारलं होतं. सेन्सर आणि आवाज वाजवणारं एमपी३ मोड्यूल दोन्ही ५ व्होल्टवर चालतात, मोबाईलचा जुना चांगला चार्जर पुरतो. वीज आल्यावर सेन्सरला स्थिर व्हायला मिनिटभर लागतं, तेवढ्यात तो उगाच बोलला तर घाबरू नका. आवाजाच्या फायली ३२ जीबीपर्यंतच्या मेमरी कार्डात टाकता येतात. रात्रीसाठी मी आता एकाऐवजी पाच वेगवेगळे संदेश भरलेत. एकात सौ. विचारते, “कोण आहे?”, एकात मी नुसता खोकतो, आणि आर्डुइनो (प्रोग्राम भरता येणारं छोटं सर्किट बोर्ड) ते उलटसुलट क्रमाने वाजवतं. आणि कोल्हापूरकर, हे माझ्या डोक्यात तुमच्या प्रतिक्रियेच्या आधीपासून होतं.