तिसरी घंटा

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत मराठी रंगभूमीचा पहिला खेळ केला. तेव्हापासून या गावाच्या अंगात घंटेची शिस्त मुरली असेल, असा माझा भाबडा समज होता. नाटक तिसऱ्या घंटेला सुरू होतं. कॉलेजातल्या राष्ट्रीय चर्चासत्रात तिसरी घंटा झाली तरी वक्ता प्रस्तावनेतच असतो.

हिशेब सरळ आहे. निबंध ३००० शब्दांचा. मिनिटाला १२० शब्द धरले तर वाचायला २५ मिनिटं हवीत. मिळतात १०, त्यातली दोन प्रश्नांची. तरी माणूस कागद उघडून पहिल्या ओळीपासून सुरू करतो. ‘संशोधनाची उद्दिष्टे’ येतात न येतात तोच पहिली घंटा. मग पानं भराभर उलटत, जे सांगायला एवढा आला तेच गाळतो. निष्कर्ष आधी सांगून टाकावा आणि तक्ते मागे ठेवावेत, कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारत नाही.

बरं, ती दहा मिनिटंही कागदावरचीच. उद्घाटन दहाचं, समई पेटते अकराला, आणि पंखा बंद करायचं कुणाला सुचत नाही म्हणून दोनदा पेटते. मग शाल-श्रीफळ, मनोगतं आणि ४५ मिनिटांचं बीजभाषण. ते कापता येत नाही, पाहुणे पुण्याहून आलेले असतात. जेवण ढकलता येत नाही, पुऱ्या तळायला घेतलेल्या असतात. सगळा उशीर वसूल होतो दुपारच्या तांत्रिक सत्रातून. १२ निबंध, ६० मिनिटं. समांतर सत्रं असली तर आपलं नेमकं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. श्रोते पाच, पाचही वक्ते, आणि पाचांचंही लक्ष प्रमाणपत्र कुठल्या टेबलावर मिळतंय याकडे.

कृतिदेवमध्ये केलेली स्लाइड तिथल्या लॅपटॉपवर उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांचं भडंग सांडतं, कारण तो फाँट त्या मशीनवर नसतो. युनिकोडमध्ये टाइप करावं आणि पेनड्राइव्हवर पीडीएफही ठेवावी.

टोकियोत २००३ मध्ये निघालेल्या पेचाकुचा या सादरीकरणाच्या पद्धतीत २० स्लाइड, प्रत्येकीला २० सेकंद, आणि स्लाइड आपोआप पुढे सरकते. ६ मिनिटं ४० सेकंदांत खेळ खलास. आपल्याकडे तेवढा वेळ ‘व्यासपीठावरील सर्व मान्यवर’ यातच जातो.

म्हणून माझं मत पोस्टरला, म्हणजे निबंध वाचण्याऐवजी मोठ्या फलकावर मांडून शेजारी उभं राहण्याला. तिथे घंटाच नाही.

पोस्टरचं दुखणं वेगळं. ए-झिरो म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. फ्लेक्सवाल्याला हे सांगून उपयोग नाही, त्याचा कारभार फुटात. तीन बाय चार सांगावं, कडेला थोडी जागा सुटते. फाइल मात्र पहिल्यापासून त्याच मापाची आणि उभी करावी. आडवी स्लाइड ताणून उभी केली की गोल आलेखाचा दुधी भोपळा होतो. मजकूर २४ पॉइंटच्या खाली नको, शीर्षक ८० च्या वर हवं. आख्खा निबंध चिकटवला तर लोक लांबून नमस्कार करून पुढे जातात. प्रूफ स्वतः वाचावं. त्या दुकानात आपल्या आधी कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स निघालेला असतो आणि ‘भावी’ हा शब्द हाताला बसलेला असतो.

गुंडाळताना छपाई बाहेरच्या बाजूला ठेवावी, म्हणजे लावल्यावर कडा बोर्डाकडे वळतात. आत ठेवली तर फ्लेक्स आपल्याच अंगावर मिटतो. बोर्ड मिळेलच असं नाही, मांडवाचा कापडी पडदाही असू शकतो. पिनांबरोबर सेफ्टी पिना न्याव्यात. सेलोटेपवर जड फ्लेक्स चहापर्यंतच टिकतो. उभं राहायचं ते बाजूला, पोस्टरसमोर नाही. परीक्षक आपण चहाला गेलो की येतात, त्यावर इलाज नाही.

आणि दुकानदार ‘कोपऱ्याला रिंगा मारू का सर?’ विचारतो, तेव्हा हो म्हणावं. जूनमध्ये हेच फ्लेक्स गावाकडे कडब्याच्या गंजीवर जातं, तेव्हा सुतळी ओवायला बऱ्या पडतात.