‘टोळके’ या शब्दाबद्दल

महोदय,

मित्रांना चित्रे दाखवण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. छायाचित्रकार केकी मूस यांचा दाखला देत आपण लिहिले आहे : ‘केकी मूस चाळीसगावात दार लावून बसले आणि काम करून गेले, तुम्हाला रंग कालवायलाही टोळके लागते.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु बावीस वर्षे ज्यांच्यासमोर मी चित्रे मांडली, त्यांना न पाहता, न भेटता आपण टोळके म्हणालात, हे मनाला लागले. चाळीसगाव गिरणेकाठी नव्हे, तितूर आणि डोंगरीच्या काठी आहे, ही माझ्या लेखातली चूक मात्र आपण योग्य दाखवलीत. ती दुरुस्त केली आहे.

मूस (१९१२–१९८९) यांच्याविषयी मला आदर नाही, असे आपल्याला का वाटले? घरातल्या टेबलावर इवलीशी दृश्ये उभारून त्यांनी केलेली छायाचित्रे मी मान वर न करता पाहत राहिलो आहे. त्यांनी अनेक दशके उंबरा क्वचितच ओलांडला, हेही मला माहीत आहे; पण एका माणसाच्या स्वभावाचा सगळ्यांसाठी नियम कसा होतो? आपल्याच जळगावाजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई पाहा. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि सोपानदेवांच्या मावसभावाने त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या, १९५१ साली बहिणाबाई गेल्यावर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक आले. घरात ऐकणारे कान नसते, तर त्या ओव्या जात्याच्या घरघरीतच राहिल्या असत्या.

आता ज्यांना आपण टोळके म्हणालात, ते कोण? एक फ्रेमा करणारा, एक निवृत्त ड्रॉइंगमास्तर, एक कापूस पिकवणारा. रविवारी चित्रे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असतात आणि एकेक उलटले जाते. फ्रेमवाला ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाही. चित्र उचलून तो उंबऱ्यापर्यंत नेतो आणि उन्हात तिरपे धरतो. एका हिवाळ्यात मी वेचणी संपलेले कपाशीचे शेत रंगवले होते, आणि ते मला फार आवडले होते. शेतकरी मित्राने बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, ‘भाऊ, हाई पऱ्हाटी आजून हिरवी शे.’ दुसऱ्या दिवशी त्याच्या बांधावर गेलो. पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, काडी मोडून पाहिली, तर बाहेरची साल तपकिरी, सुरकुतलेली, आणि मी मात्र तिच्यात कोवळा हिरवा ओतला होता. ते चित्र मी पाच वेळा केले. बांधावर गेलो त्याच संध्याकाळी त्याने पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत कुटले, आणि धुरातला तो राखाडी तेव्हा मला सापडला. आपण कधी कुणाचे चित्र इतक्या जवळून पाहिले आहे का?

वडील गेले त्या वर्षी मी ब्रश धरत नव्हतो. मास्तरांनी न बोलता कागदांची रीम दारात ठेवली आणि आठ दिवसांनी ‘किती उरले?’ एवढेच विचारले. दार लावून बसलो असतो, तर मी आज चित्रकार नसतो.

गटातली चित्रे एकसारखी होतात आणि स्तुतीची सवय लागते, हे आपले उरलेले दोन मुद्दे जुनेच आहेत. त्यांवर मी पूर्वी लिहिले आहे. माझ्या चित्रांना नावे ठेवायला आपण मोकळे आहात. तो शब्द मात्र मागे घ्यावा, एवढी अपेक्षा आहे.