चारने गुणून चाक निवडता येत नाही

लग्नसराई आली की आमच्या इंदूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गाड्यांचं ज्ञान वाहू लागतं. अर्ध्या वऱ्हाडाला सेंधव्यापुढचा बिजासन घाट ओलांडून धुळे, नाशिक नाहीतर पुणं गाठायचं असतं. सध्या फिरणारा मेसेज सांगतो: बाहेरून अलॉयची (हलक्या मिश्रधातूची) चाकं घेताना लोड रेटिंगचं, म्हणजे एक चाक जास्तीत जास्त किती किलो पेलतं त्या आकड्याचं, भूत डोक्यात घेऊ नका. नट जुळले की चाक चालतं. अलॉय लोखंडापेक्षा मजबूतच असतं. तरी शंका असेल तर चाकावरच्या आकड्याला चारने गुणा, गाडीच्या वजनापेक्षा जास्त आलं की झालं. शिवाय कंपन्या दुप्पट मार्जिन ठेवतात, आणि चाकावर जेडब्ल्यूएल या जपानी मानकाची छाप असली तर प्रश्नच मिटला.

माझ्या मावसभावाने अगदी याच हिशेबाने आपल्या सात आसनी गाडीला सेकंडहँड चाकं घातली, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी नट. पाच नट, 114.3 मिलिमीटर पीसीडी (नटांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास) हे माप सिव्हिकचंही आहे, क्रेटाचंही आणि इनोव्हा क्रिस्टाचंही. तिघींची वजनं एक आहेत का? सेडानचं चाक सात आसनीवर आरामात चढतं, नट गच्च बसतात, दिसतंही झकास. नट जुळण्यावरून एवढंच कळतं की भोकं जुळली.

अलॉय मजबूत असतं म्हणणाऱ्याशी फार वाद नको. चांगलं असतं, वाईट असतं. मात्र स्टीलची रिम खड्ड्यात आपटली की बहुधा वाकते, ओतीव अलॉय तडकू शकतं, आणि ती तड आतल्या बाजूला असली तर धुतानाही दिसत नाही.

आता चारचा पाढा. भावाच्या चाकाच्या मागच्या बाजूला, आऱ्याच्या मुळाशी, 1250 असा आकडा ओतलेला होता. दुकानदाराने टॉर्च मारून दाखवला होता म्हणे: "बारा सौ पचास लिखा है भिया, हाथी बिठा लो!" मी अंगठ्याने ब्रेकची काळी धूळ पुसली तर पुढे दोन बारीक अक्षरं निघाली, एलबी. म्हणजे पाउंड. 1250 पाउंड म्हणजे 567 किलो.

भाऊ तरीही खूश. 567 चोक 2,268, आणि गाडी भरून तेवढी होतच नाही! म्हणून रविवारी आम्ही सातही जण, बॅगा, शेवेचे दोन डबे असं सगळं घेऊन ट्रकवाले जातात त्या धर्मकाट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग फक्त मागची. पुढे 980, मागे 1,260. बेरीज 2,240. मेसेजच्या गणितात गाडी पास, 28 किलो शिल्लक! पण मागचे 1,260 दोनच चाकांवर आहेत, म्हणजे एकेकावर 630. चाक 567 चं. आणि हे गाडी सपाट काट्यावर उभी असताना. घाटात वळण घेताना आतल्या चाकाचा भार बाहेरच्यावर जातो, उतारावर ब्रेक दाबला की पुढच्या दोघांवर.

तेव्हा हिशेब असा करायचा: ज्या ऍक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर, जास्त भार येतो, त्याच्या कमाल भाराचं निम्मं. चाकाचा आकडा त्याच्या खाली नको. काही गाड्यांच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर ऍक्सलवार भार दिलेला असतो. आरसीवर भरलेल्या गाडीचं एकूण वजन सापडू शकतं, पण ते सरळ चारने भागलंत तर तुम्हीही भावाच्याच रांगेत. टायरवरचा आकडाही चाकाला उसना देऊ नका. टायरवर भाराचा सांकेतिक आकडा (लोड इंडेक्स) 95 असेल तर टायर 690 किलो पेलतो, 91 असेल तर 615. चाकाचं वेगळं बघायचं, आणि दोघांत जे कमी ते खरं.

मार्जिनचं म्हणणं निम्मं खरं आहे, म्हणून जास्त फसवं. चाचण्या रेटिंगपेक्षा जड भाराने होतात, हे बरोबर. धक्क्याच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत टायर चढवलेलं चाक 13 अंशांत तिरकं ठेवून त्यावर 230 मिलिमीटर, म्हणजे वीतभर उंचीवरून वजन सोडतात. किती? रेटिंगच्या 0.6 पट अधिक 180 किलो. 690 च्या चाकावर 594 किलो पडतं, भावाच्या चाकावर 520. आरपार तडा गेला किंवा मिनिटभरात हवा गेली की नापास. म्हणजे आकडा छोटा तर परीक्षाही सोपी. आणि ते मार्जिन खड्डे, स्पीडब्रेकर, कचकन दाबलेला ब्रेक यांच्यात खर्ची पडतं. तिथे आठवा माणूस बसवायचा नसतो.

राहिली छाप. जेडब्ल्यूएलमध्येही चाक स्वतःच्याच रेटिंगवर तपासलेलं असतं. सेडानसाठी बनलेल्या चाकावर ही छाप खरी असू शकते आणि तरी ते तुमच्या गाडीला अपुरं असू शकतं. शिवाय साच्यात तीन अक्षरं कोरायला काही लागत नाही. छाप आहे आणि शेजारी भाराचा आकडाच नाही, असं चाक मी फुकटही घेणार नाही.

भावाने काट्याची पावती दोनदा वाचली आणि संध्याकाळी माळ्यावरून जुनी स्टीलची चाकं उतरवली. वहिनी मात्र अजून कुरकुरते आहे, गाडी पुन्हा टॅक्सी दिसायला लागली म्हणून.